सतरा नंबरची फाईल

शलाका बर्वेला चंद्रावरच्या माणसांचा राग होता आणि तो ती लपवत नसे. माणसं म्हणजे बोगद्यातली तीनशे बारा. लाव्ह्याच्या एका जुन्या नळीत सोमखनिज कंपनीने वस्ती वसवली, कागदोपत्री तिला लांबलचक नाव दिलं, आणि राहायला आलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचा ‘बोगदा’ करून टाकला. नऊ दिवसांपासून त्यांनी खोदकाम बंद ठेवलं होतं. त्यांची हवा, पाणी आणि दारं सांभाळणारं यंत्र बोगद्यातच होतं, पण होतं कंपनीचं, आणि शलाका ते पुण्यात बसून चालवायची. संप सुरू झाला त्या दिवशी तिची रजा रद्द झाली. तेव्हापासून ती त्या लोकांचं नावही धड घेत नव्हती.

त्या सकाळी नियंत्रणकक्षात तिच्या खुर्चीमागे जठार उभे होते. चांद्रविभागाचे प्रमुख. यंत्रातलं त्यांना काही कळत नसे, माणसांना कुठे दाबायचं ते मात्र नेमकं कळत असे.

“मला समजेल असं सांग,” ते म्हणाले.

“सर, त्या यंत्राची कार्यप्रणाली नऊ वर्षं जुनी आहे. लिनक्सच्या घराण्यातली. खरं तर दुसरं कोरं यंत्र पाठवायचं, त्यावर नवी प्रणाली चढवायची आणि सगळी कामं तिकडे हलवायची, हा सरळ मार्ग. पण ते पोचायला पाच महिने लागतील. म्हणून आपण जागच्या जागी नूतनीकरण करतोय. घरात माणसं राहतायत, चूल पेटलेली आहे, आणि आपण खालून पाया बदलतोय.”

“आणि त्यांनी केलेली लुडबुड?”

“तीच निघून जाणार. प्रत्येक फाईलचा एक ठसा असतो. आली तेव्हाचा ठसा आणि आजचा ठसा जुळला नाही, म्हणजे मधे कुणीतरी हात लावलाय. आम्ही त्याला हातबदल म्हणतो. अशा फाईलपाशी यंत्र थांबतं आणि विचारतं, तुमची बदललेली जुनी ठेवू, की प्रकाशकाची नवी घालू?”

“प्रकाशक म्हणजे आपण?”

“हवावाटपाचे आणि पाण्याचे कार्यक्रम आपले, तिथे आपण. खालची कार्यप्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली, तिथे ते. फार संशयी मंडळी आहेत, सर. त्यांचं कोरं यंत्र फक्त समोर कीबोर्डवर बसलेल्या माणसाला ओळखतं. बाकी कुणाला आत घ्यायचं ते त्याने ठरवायचं.”

“शहाणे आहेत,” जठार म्हणाले. “एकूण किती हातबदल?”

“त्रेचाळीस.”

“त्रेचाळीस ठिकाणी म्हणायचं, नवी घाल. एकही जुनी मला नकोय.”

जठारांना काय हवं होतं ते शलाकाला माहीत होतं. बोगद्यातल्या लोकांनी हवावाटपाच्या फाईलमध्ये एक ओळ घातली होती: माणशी हवा अमुक पातळीखाली जाणार नाही, पुण्याहून आदेश आला तरी. ती ओळ गेली की जठार ‘बैठा वाटा’ लावणार होते. म्हणजे माणूस जिवंत राहील, बसेल, झोपेल, पण दहा पावलं चालला की धापा टाकेल. “काम न करता बसून राहायचंय ना त्यांना?” आदल्या दिवशी बैठकीत ते म्हणाले होते. “मग बसण्यापुरती हवा.” चारजण हसले होते. शलाकाही हसली होती.

नियमाप्रमाणे नूतनीकरणाची खबर वस्तीला द्यावी लागे. त्यासाठी बोलण्याचा, चित्रही दाखवणारा रेडिओ होता. यंत्राशी त्याचा संबंध नव्हता. पलीकडे मारोतराव कोवे आले. चंद्रपूरच्या कोळसाखाणीत वीस वर्षं काढून हा माणूस चंद्रावर गेला होता, आणि तिथे हवेची देखभाल त्याच्याकडे होती. हवेच्या फाईली बदलण्याची परवानगी त्याला कंपनीनेच दिली होती. तो ती इतकं मन लावून वापरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पडद्यावर तो दिसत होता. शेजारी खुर्चीवर त्याची थोरली बहीण शेवंताबाई बसलेली. ती खानावळीत भाकऱ्या थापायची. चंद्राच्या धुळीने तिची छाती गेली होती.

“मॅडम, एक विनंती हाये,” कोवे म्हणाला. “नऊ नंबरची फाईल राहू द्या. तिच्यात मायी बहीण हाये. तिले दीड वाटा लागते. डागदरनं लिवून देल्लं हाये. नव्या फाईलमंदी सगळ्यायले एकच वाटा.”

इकडचं बोलणं तिकडे जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागत. त्या अडीच सेकंदांत समोरचा माणूस विचार करतोय की आपल्याला किंमत देत नाहीये, हे कधीच कळायचं नाही. दोन्ही बाजू गेली नऊ वर्षं वाईट तेच धरून चालत होत्या.

“नऊ नंबरमध्येच तुमची ती आगाऊ ओळ आहे,” शलाका म्हणाली.

“ते काढा. बहिणीची ठेवा.”

“फाईल अर्धी ठेवता येत नाही.”

“येते, मॅडम. तुमाले बी मालूम हाये, येते.”

येत होती. दोन्ही फाईली शेजारी मांडून हवी ती ओळ उचलायची, पाच मिनिटांचं काम. जठारांनी शलाकाच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवली.

“सगळ्या नव्या जाणार आहेत,” ती म्हणाली. “नवं ते सुरक्षित. चर्चा संपली.”

शेवंताबाई खोकली. कोवेने तिच्याकडे पाहिलं नाही. तो कागदावरची यादी पाहत होता. त्रेचाळीस फाईलींची तीच यादी त्याच्याकडेही होती.

“बरं. मंग नऊची जाऊ द्या. पण सतरा नंबरची राहू द्या. तिच्यातला बदल आमचा नाई, तुमचा हाये. तुमचा माणूस नऊ सालाआधी यंत्र बसवाले आलता, त्यानं केला. ते गेली तं तुमालेच जड जाईन.”

शलाका हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं. आधी बहीण पुढे केली, ती चालली नाही म्हणून आता कंपनीच्या भल्याची काळजी! सतरा नंबर तिने यादीत पाहिलाही नाही. यादीत कुठली फाईल बदलली एवढंच लिहिलेलं असतं, कुणी बदलली ते ठसा सांगत नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस याच लोकांची घाण, असं तिने पहिल्या दिवसापासून धरलं होतं.

“कोवे, माझ्याशी हुशारी करू नका.”

“हुशारी नाई, मॅडम. सांगून राहिलो. मंग म्हणान सांगलं नाई.”

“बंद कर त्याला,” जठार म्हणाले. “लहान पोराला समजावतेयस का?”

शलाकाने आवाज बंद केला. मग तिने एकेका प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडला: विचारू नकोस, सगळीकडे नवी. हा शब्द वापरू नये असं ती स्वतः नवशिक्यांना शिकवत असे.

नूतनीकरण सुंदर चाललं. एकेक जुना भाग उतरत होता, नवा चढत होता, बोगद्यातले पंखे फिरत होते. सुरुवातीला तिने जुन्या प्रणालीची आख्खी प्रत काढून ठेवली होती, त्याच यंत्राच्या दुसऱ्या तबकडीवर. चाळीस मिनिटांनी शेवटची ओळ आली: एकदा बंद करून पुन्हा सुरू करा.

इथे या धंद्यातली एक रीत आहे. दूरच्या यंत्राला पुन्हा सुरू करण्याआधी आपली जोडणी तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी नवी जोडणी उघडून पाहायची. कारण जो आधीच आत आहे त्याला यंत्र बाहेर काढत नाही. दरवाजा बदललाय की नाही हे नव्याने येणाऱ्यालाच कळतं. शलाकाने ही रीत चौदा वर्षं पाळली होती.

“झालं ना?” जठार म्हणाले. “मला बारा वाजता संचालकांना सांगायचंय की हवा आपल्या हातात आहे.”

तिने बटण दाबलं.

यंत्र सहा मिनिटांनी उठलं. बोगद्याच्या दिव्यांचा आलेख सरळ होता, पंखे सुरू झाल्याचा संकेतही आला. शलाकाने आपली ओळख टाकली. यंत्राने उत्तर दिलं: या मार्गाने प्रवेश नाही. तिने पुन्हा टाकली. मग राखीव ओळख. मग जठारांच्या नावाची. दर वेळी तेच उत्तर.

“काय झालं?”

तिने यादी उघडली. सतरा नंबर. दूरद्वाराची फाईल. यंत्रात लांबून शिरण्याचा रस्ता. कार्यप्रणालीचे संशयी प्रकाशक तो बंद करून देतात. नऊ वर्षांपूर्वी कंपनीच्या माणसाने बोगद्यात जाऊन, कीबोर्डवर बसून, तो हाताने उघडला होता. कंपनी त्या यंत्राची मालक होती ती एका हातबदलाच्या जोरावर, आणि तो शलाकाने आज स्वतः पुसला होता.

“मग ती प्रत लाव की! काढलीस ना?”

“प्रत यंत्राच्या आत आहे, सर.”

जठारांनी तिला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढं झाल्यावर त्यांनीच रेडिओचा आवाज सुरू केला.

कोवे तिथेच बसला होता. शेवंताबाई आता खुर्चीवर नव्हती. यंत्राच्या कपाटाला टेकून खाली बसली होती, आणि तिच्या नाकाला लहान नळकांड्याची नळी होती. नळकांडं भिंतीवरून काढून, माणूस हलवून, नळी लावायला वीस मिनिटं लागतात. यंत्र सुरू होऊन चारच झाली होती. म्हणजे हे सगळं आधीच करून ठेवलेलं होतं. शलाकाला ते बघताक्षणी कळलं.

“मॅडम, मायी बी ओळख चालून नाई राहिली,” कोवे म्हणाला. “मी बी त्याच दारानं जात होतो.”

“कीबोर्ड,” शलाका म्हणाली. “कपाटाच्या खणात कीबोर्ड आहे. तो काढा.”

“त्याले तुमचं सील हाये. कलम बारा. वस्तीतल्या कोणी हात लावला तं पयल्या यानानं वापस. आमी नऊ वरसं नाई लावला.”

“मी सांगतोय ना, तोड!” जठार ओरडले.

“साहेब, तुमचं नाव घेऊन सांगा. इथं टेप चालू हाये.”

जठारांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, कलम बारा बाजूला ठेवून सील तोडण्याचा आदेश दिला. अडीच सेकंद गेले. कोवेने सीलचा शिशाचा मणी पकडीने तोडला, खण ओढला आणि मांडीवर कीबोर्ड घेतला. यंत्राने त्याला मालक म्हणून ओळखलं, कारण समोर तोच होता. नवा परवलीचा शब्द मागितला. त्याने तो टाकला.

“आता मी सांगते ते अक्षर अन् अक्षर टाका,” शलाका म्हणाली. “दूरद्वाराची फाईल उघडा.”

“आधी नऊ नंबर.”

यंत्रातली प्रत शोधत न बसता त्याने खिशातून वही काढली. पेन्सिलने उतरवलेली फाईल. तो एका बोटाने टाइप करत होता, आणि पुण्यात दोघंजण ते एक बोट बघत उभे होते. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं. बहिणीचा दीड वाटा. मग ती आगाऊ ओळ. थोड्या वेळाने शेवंताबाईने नाकाची नळी स्वतःच काढून ठेवली.

“तुम्हाला माहीत होतं,” शलाका म्हणाली. “मी ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून सांगितलंत.”

“म्या खरं सांगलं, मॅडम. नऊ दिवसांत आमचं एक तरी आयकलं का तुमी? तुमाले खरं सांगाले आमाले काय भेव?”

त्याने सतरा नंबरची फाईल उघडली. दुसऱ्या तबकडीवर तिची जुनी प्रत होतीच, म्हणून यंत्राच्या पडद्यावर तोच प्रश्न आला. तो त्याने चष्मा वर करून सावकाश, मोठ्याने वाचला, जसा खाणीतला नियम वाचून दाखवतात.

“जुनी ठेवू, का नवी?”

“जुनी,” शलाका म्हणाली. “कोवे, प्लीज. जुनी.”

तिचं बोलणं पोचायला सव्वा सेकंद लागला. कोवेने ते पूर्ण ऐकलं.

“नवीच राहू द्या,” तो म्हणाला. “तुमीच म्हणलं होतं, सुरक्षित असते.”

त्याने बटण दाबलं, कीबोर्ड बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि हवेचे आकडे तपासायला उठला.