निळी शिशी

“भाऊजी, त्या कपाटाले हात लावू नका! पाया पडते मी तुमच्या…”

एकवीस वर्षांत जनकाबाईचा आवाज त्या घरात एवढा चढला नव्हता. ओसरीवर बसलेला पाहुणा चमकला. कुलपावर हातोडी उगारून उभा राहिलेला तिचा दीर उत्तमराव क्षणभर थांबला, पण त्याने वळून पाहिलं नाही. वहिनीच्या तोंडाकडे पाहणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

“माय गेली, तिच्यासंगं किल्लीही गेली,” तो भिंतीलाच सांगितल्यासारखा म्हणाला, “आता त्या शिश्या ठेवून काय करायचं? हे इंद्रभानजी बुलढाण्याहून मुद्दाम आले. जुन्या काचेची पारख हाय त्याइले. जे मोल येईन ते येईन, पण ते इख माह्या घरातून जाऊ दे एकदाचं!”

हातोडीचा घाव बसला आणि कुलूप तुटून खाली पडलं… जनकाबाई मागे हटली. ती स्वयंपाकघराच्या दाराआड सरली. आत धाकटी जाऊ गीताबाई चुलीपुढे बसली होती. तिच्या हातातली भाकरी परातीतच थबकली होती आणि चेहरा राखेसारखा पांढरा पडला होता. दोघींची नजरानजर झाली नाही. कित्येक वर्षांत ती झालीच नव्हती!

सासरे भगवानराव एका इंग्रज डॉक्टराच्या हाताखाली कंपाउंडर होते. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने आपल्या शिश्यांची पेटी त्यांना देऊन टाकली. जानेफळच्या या घरात त्या भिंतीतल्या कपाटात मांडल्या गेल्या. ऊन आलं की कपाटात हिरवे-निळे दिवे लागल्यासारखं वाटे. मामंजींची ताकीद एकच असे, निळ्या शिशीला कोणी हात लावायचा नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि निळ्या शिशीत विष असतं असं सगळं घर धरून चाललं, ते तसंच राहिलं. पुढे मामंजी गेले, त्यांच्यामागून दोन वर्षांत जनकाबाईचं कुंकू गेलं, आणि मग आली ती तापाची साथ…

त्या सकाळी जनकाबाई विहिरीवरून पाणी घेऊन आली होती. उत्तमराव मेहकरला डॉक्टर आणायला गेला होता. आतल्या खोलीत गीता तापाने फणफणत पडली होती, तिच्या कुशीत दोन वर्षांची वच्छला श्वासासाठी तडफडत होती, लेकराचे ओठ काळेनिळे पडले होते… आणि उशाशी होती निळी शिशी, बूच काढलेली! चमचा गीताच्या मुठीत होता. तिचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

जनकाबाईने तो चमचा गीताच्या मुठीतून सोडवून घेतला आणि त्याच क्षणी सासू अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभी राहिली.

“कोनं पाजलं हे? कोनं पाजलं माह्या नातीले?”

एकोणीस वर्षांची कोवळी जाऊ! नवरा तापट, सासू तिखट, आणि घराच्या मागेच पाण्याने भरलेली विहीर… शुद्धीवर आल्यावर ही पोर जगेल तरी का? आणि आपल्या मागे कोण आहे रडणारं? एका श्वासात जनकाबाईच्या मनाने सगळा हिशेब उरकला आणि ती म्हणाली, “मी पाजलं.”

बस्स, एवढेच दोन शब्द! सासूने तिला हाताला धरून अंगणात ढकललं आणि दार लावून घेतलं. त्या बंद दाराला कान लावून ती दुपारपर्यंत उभी होती. आत बायकांचा कल्लोळ चालला होता. त्यात लेकराचा आवाज तिला वेगळा ऐकूच आला नाही. मग एकदम सगळं शांत झालं…

सासूने निळी शिशी बूच लावून परत ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. त्यानंतर जनकाबाईचं जगणं म्हणजे मागच्या पडवीतलं अंथरूण आणि ढोरांचं शेणपाणी. गीताला पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, थोरला नोकरीलाही लागला. पण त्यांच्या ओठांना जनकाबाईच्या हातचं पाणी कधी लागू दिलं नाही. ती मुलांच्या वाटेला जातही नसे. मात्र सारवणासाठी शेणाची पाटी घेऊन कपाटापुढून जाताना भर दुपारी तिला बारीक, घुसमटलेला श्वास ऐकू येई. दारं बंद असत, घरात लेकरू नसे, तरी तो श्वास येई… ती पाटी तशीच डोक्यावर घेऊन उभी राही आणि मनात म्हणे, बाळा, मी नाही गं… आणि दचकून पुढचे शब्द गिळून टाकी. मेलेल्या लेकरालाही खरं सांगायची तिला चोरी होती!

ओसरीवर आता शिश्या एकेक करून मांडल्या जात होत्या. इंद्रभानजींनी औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं काढली होती. प्रत्येक शिशी ते उन्हात धरत, तळ अंगठ्याने चाचपत, काचेतले बुडबुडे न्याहाळत.

“ही गोटीची सोडाबाटली. गोटी शाबूत आहे, वा! ही अत्तराची, बुडाशी खडबडीत वण दिसतो ना? तोंडानं फुंकून केलेली आहे. आणि ही पाहा, उत्तमराव, ही खरी जपायची चीज.” त्यांनी गडद हिरवी, सहा बाजूंची शिशी पुढे केली. “बोट फिरवा हिच्यावरून. उभ्या धारा लागतात? विलायती कारखानदार विषाच्या शिशीला मुद्दाम अशा धारा काढायचे, म्हणजे डोळे मिटून हात लागला तरी माणसानं समजावं. लाखेची मोहर जशीच्या तशी आहे. ही कधी उघडलेलीच नाही.”

“इख?” उत्तमराव गोंधळला. “पण इख तर ह्या निळ्या शिशीत हाय…”

“निळ्या?” इंद्रभानजींनी ती उंच, सडपातळ शिशी उचलली. “अंग कसं गुळगुळीत आहे पाहा. साच्याचा सांधा गळ्याशी येऊन संपतो, म्हणजे तोंड हातानं घडवलेलं. ऐंशी वर्षांची तर सहज असेल. मुंबईचा शौकीन हिचे शंभर रुपये हसत देईल. फुटू नये म्हणून घरात जपली असेल, पण विष कसलं? साहेबलोक यात एरंडेल ठेवत.”

त्यांनी बूच काढलं, वास घेतला, तळाशी साचलेला चिकट थेंब करंगळीवर घेतला आणि सरळ जिभेला लावला.

“अहो, नका!” दाराआडून किंकाळी फुटली. जनकाबाई भान हरपून ओसरीवर धावत आली होती…

इंद्रभानजींनी शांतपणे तोंड पुसलं. “एरंडीचं तेल आहे, बाई. खवट झालंय, एवढंच.”

उत्तमरावाने शिशी त्यांच्या हातून ओढून घेतली, नाकाशी नेली. तो वास गावातल्या लहान पोरालाही ओळखू आला असता. पण त्या दिवशी भीतीपोटी कोणी शिशी हुंगली नाही आणि नंतर एकवीस वर्षांत ते बूच कोणी काढलंच नव्हतं! “मंग माही पोरगी… तिचे ओठ निळे पडले होते, श्वास कोंडला होता…”

“आवाज बसला होता? घशात पांढरा पापुद्रा?”

“हाव… मी डॉक्टर घेऊन आलो तवा सारं संपलं होतं, पण माय म्हने का घसा पांढराफटक दिसत होता…”

“घटसर्प होता तो,” इंद्रभानजी हलक्या आवाजात म्हणाले. ओसरीवर काय उलगडलं ते पुरतं कळलं नसलं, तरी तिथे परक्याचं काम नाही एवढं त्यांना कळलं. ते उठून अंगणात गेले.

उत्तमराव जनकाबाईकडे पाहत होता… एकवीस वर्षांनी पाहत होता! काळे केस पांढरे झाले होते, हात शेणामातीने चिरले होते. “वयनी…” त्याचा स्वर फुटला, “तुम्ही तर एरंडेल पाजलं होतं वं…”

“बाईनं नाही पाजलं.”

गीताबाई चौकटीला धरून उभी होती. “चमचा माह्या हातात होता. बाईनं माह्यावरचं आपल्यावर घेतलं.”

“गीता, गप राह्य!” जनकाबाई कळवळली. “तुले ताप होता. तुले काय आठवते?”

“सारं आठवते! बाराव्या दिवशी ताप उतरला अन् मले चमच्याची दांडी हातात आठवली. मी तोंड उघडलं होतं, बाई… पण मले ह्याइची भीती वाटली, आत्याबाईची वाटली. उद्या सांगू, परवा सांगू म्हणलं. मंग पोरं झाले. मंग सांगाले तोंडच राह्यलं नाही…”

आपलं दान अजाण पोरीच्या पदरात पडलं, अशी जनकाबाईची समजूत होती. तेवढ्या एका समाधानावर तिने हे जन्मठेपेचं आयुष्य ओढलं होतं. आणि ही सारं जाणून रोज तिच्यापुढे लांबूनच ताट सरकवत होती!

“तुले माहीत होतं?” ती पुटपुटली. “एकवीस वर्ष… तुले माहीत होतं?”

उत्तमराव उठला. त्याचा हात गीतावर उगारला गेला. पण मध्येच जनकाबाईने तो धरला. “हात खाली घ्या, भाऊजी. ह्याच हाताच्या भेवानं मी खोटं बोलली होती.”

तो तिथेच मटकन खाली बसला आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडू लागला.

गीताबाई पुढे आली, जनकाबाईच्या पायांशी कोसळली. जनकाबाई हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने विचारलं, “शेवटी काही म्हणली का गं वच्छला? मी दाराशीच होती. मले काही आयकू नाही आलं.”

गीताबाईने मान वर केली. हे सांगणं तिला मघाच्या कबुलीहून जड जात होतं.

“आवाज नव्हता तिले. तापातही मी तिच्या तोंडाशी कान नेला… मले नाही हाक मारली, बाई. तुम्हाले मारली. ‘मोठी माय, ये… मोठी माय, ये…’ तीनदा म्हणली.”

जनकाबाईचे ओठ हलले. मग कित्येक वर्षं गोठून राहिलेलं सगळं एकदम फुटलं. ती खाली बसली, गीताबाईचं डोकं तिने दोन्ही हातांनी ओढून आपल्या मांडीवर घेतलं, आणि त्या पिकू लागलेल्या केसांवरून हात फिरवत, हुंदक्यांमधून ती एकसारखी म्हणत राहिली, “आली वं माय… आली, आली…”