उन्हाची गाडी अडते कुठे?

"निघाली! निघाली! आज टाकी गाठणार म्हणजे गाठणारच!" शंकासुर गाडीच्या मागे धावत ओरडला, आणि गाडी थांबली.

थांबली तीही नेहमीच्याच जागी. पिठाच्या गिरणीसमोर, जिथून पाण्याच्या टाकीचा चढ सुरू होतो, बरोबर तिथे.

"तुझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं," टाचणी करवादली. "तू बोललास की गाडी बसलीच!"

"मी बोललो म्हणून मोटर बंद पडते? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"भांडा नंतर, आधी ढकला!" ठिणगीने गाडीतून उडी मारली.

शंकासुर हा ठिणगीचा आतेभाऊ. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी "कशावरून?" विचारणारा, म्हणून शंकासुर. टाचणी ही शेजारच्या शिंपीकाकांची मुलगी. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं. आणि ठिणगीचं नाव गल्लीतल्या वेल्डरकाकूंनी ठेवलेलं, कारण ही बारा वर्षांची पोर कधी कुठे उडेल याचा नेम नाही! दर सुट्टीत ती आजोबांकडे यायची. या सुट्टीत मात्र आईने निघताना तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "आजोबांजवळ जास्त बस हं. पुढच्या सुट्टीचं काही सांगता येत नाही."

आजोबा अजून गाडीतच बसले होते, सुकाणू घट्ट धरून. गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी जळलेल्या मोटरींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून दिले होते. ते बोटांनी वेढे मोजायचे, तोंडाने गप्पा मारायचे, आणि मोजणी कधी चुकायची नाही! आता फुप्फुसं थकली होती. दहा पावलं चाललं की श्वास लागायचा. एकच हौस उरली होती. स्वतः बनवलेल्या उन्हावरच्या गाडीत बसून त्यांना टाकीपर्यंत चढून जायचं होतं.

गाडी एकट्याची नव्हतीच म्हणा. जुन्या पलंगांच्या नळ्या जोडून वेल्डरकाकूंनी सांगाडा उभा केला. शिंपीकाकांनी बसच्या फाटक्या सीटांमधून गाद्या शिवल्या. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी छपरावरच्या दोन काळ्या काचांची, म्हणजे सोलर पॅनेलची, जोडणी केली. चाकं सायकलींची, मोटर भंगारातली, आणि तिचे वेढे आजोबांच्या हातचे. कोणी बोलावलं नव्हतं, कोणाला काही मिळणार नव्हतं. जो तो आपला हातातलं काम टाकून यायचा.

"उद्या होईल, उस्ताद," सर चष्मा पुसत म्हणाले. "होणारच," वेल्डरकाकू म्हणाल्या. शंकासुराच्या आईने, म्हणजे आत्याने, नुसता पदर सावरला. तिघांपैकी एकानेही आजोबांकडे पाहिलं नाही, हे ठिणगीच्या नजरेतून सुटलं नाही.

आजोबा हळूच म्हणाले, "बारा दिवस झाले. माझंच काहीतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ठिणगी अंगणात गेली. गाडी तिथे उन्हात उभी असायची, बॅटरी भरत. चार वाजता रोजची फेरी. तिने सुकाणूला हात लावला आणि "आई गं!" करून मागे सरली. चटकाच बसला! मग सहज छपरावरची काच चाचपली. काच नुसती कोमट होती.

"अरे इकडे या! सुकाणूवर पोळी भाजता येईल आणि काच गार? काच तर काळी आहे, तीच जास्त तापायला हवी!"

"ढग आला असेल," शंकासुर म्हणाला.

"सुकाणूला सोडून नुसता काचेवर आला का ढग?" टाचणीने विचारलं.

शंकासुराने स्वतः काच चाचपून पाहिली. "म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी!"

"उद्या दुपारी सगळे झोपले की आजोबांच्या कामाच्या शेडमध्ये लपायचं," ठिणगी म्हणाली. "खिडकीतून अख्खं अंगण दिसतं. आणि शिंकलात ना, तर बघा!"

त्या दिवशीही गाडी गिरणीपाशीच बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, गल्ली पेंगुळली. तिघं शेडमध्ये तारेच्या रिकाम्या रिळांमागे दबा धरून बसली. एक वाजला. मागचं दार करकरलं. हातात जाड चादर घेऊन, चोरपावलांनी, इकडेतिकडे बघत अंगणात आली ती आत्या!

"आई?" शंकासुराच्या तोंडून निघालंच. टाचणीने त्याचं तोंड दाबलं.

आत्याने दोन्ही काचांवर चादर पसरली, कोपरे नीट खोचले आणि आली तशी गेली. मुलांचा विश्वासच बसेना. तेवढ्यात फाटक वाजलं. वेल्डरकाकू! त्यांनी चादर पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, पण खिशातून पाना काढला आणि मागच्या चाकाचा ब्रेक आवळून ठेवला, चाकाला सतत घासेल एवढा. त्या उठतात न उठतात तोच कुंपणाच्या फटीतून सर आत शिरले. हातात स्क्रूड्रायव्हर! एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!

"काकू, तुम्ही?"

"सर, तुम्ही?"

"आणि तुम्ही दोघं माझ्या अंगणात काय करताय?" आत्या दारात उभी होती.

तिघांच्याही माना खाली. शेवटी सर म्हणाले, "मी मोटरच्या तारेचा नट ढिला करतो, ताई. दोन-चार खड्डे लागले की तार सुटते, मग मीच ती गुपचूप जोडतो."

आत्या पायरीवर बसली. "पहिल्या दिवशी गाडी गिरणीपर्यंत जाऊन नीट परत आली, आठवतं? बाबा घरी आले आणि आडवे झाले. म्हणाले, झालं माझं काम. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. मला वाटलं, हे आता जातात. दुसऱ्या दिवशी खरोखरच एक तार निखळली. तर उठून बसले! चहा मागितला, पक्कड मागितली. मग मी ठरवलं, ही गाडी चालू द्यायचीच नाही. रोज दुपारी चादर टाकते आणि तीनच्या आत काढून घेते."

वेल्डरकाकूंनी डोळे पुसले. "मीही तेच पाहिलं होतं गं. एवढा मोठा माणूस हातातून जाऊ द्यायचा कसा?"

"पण तिघांनी मिळून केलं तर गाडी मोडेल," सर म्हणाले. "पाळी लावू. उद्या काकू, परवा मी."

रिळांमागे ठिणगी मूठ चावत बसली होती. चोर पकडायला आली होती आणि चोर निघाली ती तिच्या जिवाभावाची माणसं. रागवायचं तरी कोणावर?

त्या दिवशीही गाडी बसलीच, आणि संध्याकाळी ती शेडमध्ये गेली, तर आजोबांनी मोटर पुन्हा उघडली होती. सगळे वेढे सोडून नव्याने घालायला घेतले होते. या पंधरवड्यातली ही पाचवी वेळ. तार पुन्हा पुन्हा बोटांतून निसटत होती.

"ये, बस इथे," ते म्हणाले. "एक काम कर. मी तार फिरवतो, तू मोठ्याने मोज."

"मी? आजोबा, तुम्ही तर बोटांनी मोजता ना!"

"मोजायचो. आता माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला." त्यांनी डोळे पुसले, पण पाणी थांबेना. "चाळीस वर्षांत एक मोटर परत आली नाही माझी. आणि ही, सगळ्यांनी आपला घाम गाळलेली, हिचेच वेढे चुकले. हात गेला माझा. जाताना एवढं पाहायला नको होतं."

ठिणगीने मोजलं. एक, दोन, तीन... रडू येत होतं तरी मोजलं. एकशे चाळीस वेढे झाले. आजोबा धापा टाकत भिंतीला टेकले.

बाहेर येताच तिने दोघांना गाठलं. "उद्या गाडी चालवायची."

"आणि आजोबा परत आडवे झाले तर?" शंकासुराने विचारलं. या वेळी त्याच्या शंकेला कोणी हसलं नाही.

"तर होतील," ठिणगी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "पण ते रोज स्वतःलाच नावं ठेवतायत रे! मोठ्यांना वाटतंय आपण त्यांना जगवतोय. ते जगतायत कुठे? ते नुसती चूक शोधतायत, आणि चूक नाहीच आहे!"

"मग मोठ्यांना सांगून टाकू," टाचणी म्हणाली.

"ते ऐकणार नाहीत. त्यांचं प्रेमच आंधळं झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी मोटर गाडीत बसवून दिली. दुपारी वेल्डरकाकू पाळीप्रमाणे आल्या, ब्रेक आवळला आणि समाधानाने परतल्या. फाटक लागलं न लागलं तोच मुलं बाहेर! टाचणीने आज वापरात नसलेली चादरही उचलून नेऊन लपवली, न जाणो आत्याला मोह झाला तर. शंकासुराने ब्रेक सैल केला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. ठिणगीने मोटरचा प्रत्येक नट पान्याने घट्ट केला. तीन वाजता तिने काचेला हात लावला आणि चटकन मागे घेतला. काच भाजत होती!

चार वाजता आजोबा गाडीत बसले. बाजूला ठिणगी. मागून मोठी माणसं आरामात चालत येत होती. गिरणीपाशी ढकलायचंय हे त्यांना पाठच होतं ना!

गिरणी आली. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"आजोबा, डोळे उघडा! समोर बघा!"

गाडी चढत होती! सायकलची चाकं कुरकुरत होती, मोटर गुणगुणत होती, आणि गाडी चढत होती! मागे एकच गोंधळ उडाला. "अहो सर!" "काकू, तुम्ही केलं नाहीत?" "केलं होतं हो, शप्पथ!" तिघं धावत सुटली, धापा टाकत, तोंडात बोटं घालायचीच काय ती बाकी! शंकासुर आणि टाचणी तर गाडीच्याही पुढे पळत होती.

टाकीखाली आजोबांनी गाडी थांबवली. खाली सगळं गाव दिसत होतं, छपरांवर छपरं. त्यांनी सुकाणूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "वेढे बरोबर होते."

"कालचे मी मोजले म्हणून नाही, आजोबा," ठिणगी घाईघाईने म्हणाली. "आधीचेही बरोबर होते. सगळे. तुमचं एकदाही चुकलं नव्हतं."

"मग?"

आत्या पोहोचली होती. तिने मुलांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि गाडीच्या दांड्याला धरून हुंदके देत सगळं सांगून टाकलं. चादर, ब्रेक, नट, सगळं.

आजोबा संतापले. ठिणगीने त्यांना इतकं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "चौदा दिवस! चौदा दिवस मला वाटत होतं की माझी विद्या गेली! अरे, मला मरायची भीती नव्हती. अडाणी होऊन मरायची होती!" आवाज संपला, खोकल्याची ढास लागली. वेल्डरकाकूंनी पाणी दिलं. ते प्यायले, आणि काकूंचा हात त्यांनी सोडला नाही. "वेडे आहात सगळे," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं वेडं कोणी असेल असं वाटलं नव्हतं. आणि ही गाठ सोडवली कोणी?"

"या तीन कार्ट्यांनी," सर म्हणाले.

आजोबांनी तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला. मग गाडी वळवली आणि उताराला लागले. वाटेत भेटेल त्याला हात करत होते.

मोटर त्यांनी पुन्हा उघडली नाही. कोणी आलं की उठून बसायचे, चढाची गोष्ट सांगायचे, दर वेळी चढ थोडा वाढलेला असायचा. जेवण कमी होत गेलं. सहाव्या दिवशी सकाळी, आत्या चहा घेऊन गेली, तेव्हा ते गेलेले होते.

मग घर माणसांनी भरलं. येणारा प्रत्येक जण मुलांना जवळ घ्यायचा. "शहाणी पोरं हो! आम्हा मोठ्यांना जे कळलं नाही ते तुम्हाला कळलं," सर सगळ्यांसमोर म्हणाले. वेल्डरकाकू म्हणाल्या, "माझी ठिणगी!" आणि तिला छातीशी धरलं. शिंपीकाकांनी पाठ थोपटली. शंकासुर खाली मान घालून उभा होता. टाचणी कोणालाही टोचून बोलत नव्हती. ठिणगी मात्र तिथून उठली आणि स्वयंपाकघरात आत्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आत्या, खरं सांगशील?"

"विचार."

"आम्ही ब्रेक सैल केला नसता, तर आजोबा अजून असते?"

आत्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती खोटं बोलू शकली असती. मोठी माणसं बोलतातच अशा वेळी.

"असते," ती म्हणाली. "आठ दिवस. कदाचित पंधरा."

ठिणगीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि ते पंधरा दिवस त्यांनी तारेचे वेढे सोडण्यात घालवले असते. रडत. मला ते दिसत होतं गं. मला दिसत होतं, तरी मी रोज चादर टाकत होते, कारण मला ते हवे होते. तुलाही हवे होते. पण तू त्यांचं ऐकलंस आणि मी माझं." तिने ठिणगीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सगळे तुला शाबासकी देतायत ना? घे ती. ती तुझीच आहे."

"मला नको शाबासकी," ठिणगी म्हणाली. "मला आजोबा पाहिजेत."

"मलाही," आत्या म्हणाली, आणि मग दोघी तिथेच जमिनीवर बसून, एकमेकींना घट्ट धरून, मनसोक्त रडल्या.