बारा पानं चिनी

"तुमच्याकडे चिनी फॉन्ट आहेत का?"

गजेंद्र कापगतेने मान वर केली. जानेवारीतली दुपार होती. बालाघाटच्या हनुमान चौकातल्या आपल्या छपाईच्या दुकानात बसून, एका लग्नपत्रिकेवर गणपती मधोमध बसवावा की कोपऱ्यात, या गहन विचारात तो गढला होता. समोर एक मुलगी उभी... खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, नाकावरून घसरू पाहणारा चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की हाच प्रश्न सकाळपासून चार दुकानांत विचारून झालाय आणि चारही ठिकाणी लोक हसलेत.

गजेंद्र हसला नाही. त्याच्या धंद्याचा एकच नियम होता, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. कटंगीकडचं गाव सोडून त्याने हे दुकान टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एकही माणूस त्याच्या पायरीवरून 'नाही' ऐकून उतरला नव्हता.

"हौ, आहेत ना," तो म्हणाला.

"खरंच?" चष्मा झटकन वर गेला. "नवीन सोप्या लिपीचे, की जुन्या लिपीचे?"

"दोन्ही."

"आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर?"

"तेही."

"मग दाखवा!"

"परवा," गजेंद्र ठामपणे म्हणाला. "गोदामात आहेत ते."

फॉन्ट गोदामात ठेवतात, हे ईरा देवपुजारीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं, पण ते डोळ्यांतून सांडलंच. "परवा येते," एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. गजेंद्रने त्या नादात गणपती नवरदेवाच्या मामांच्या नावावर बसवला.

पुढचे दोन दिवस गजेंद्रचे हाल कुत्रा खाईना. इंटरनेटवर चिनी फॉन्टचा समुद्र होता आणि त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. पण अक्षर वाचता आलं नाही म्हणून ते दिसत नाही थोडंच? त्याने चांगले सतरा फॉन्ट जमवले, त्यांचे नमुने छापले आणि लग्नपत्रिकांच्या अल्बममध्येच लावून ठेवले.

ईरा आली. गजेंद्रने अल्बम उघडला आणि सवयीने सुरू झाला. "हा पाहा मॅडम, एकदम रॉयल. हा जरा नाजूक, मुलीकडचे बहुतेक हाच घेतात—"

"मुलीकडचे?" ईरा खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. "अहो, खाणीतले सुरक्षेचे नियम लिहायचेत मला!"

मग तिने सगळं सांगितलं. वनखात्यातून निवृत्त झालेल्या बंडोपंत देवपुजाऱ्यांची ती धाकटी मुलगी. वर्ध्याच्या विद्यापीठात पाच वर्षं चिनी शिकून आलेली. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत एक ठेकेदार चीनहून यंत्रं आणणार होता, सोबत चिनी इंजिनियरही येणार होते. त्यांच्यासाठी भाषांतरं करायला दिल्लीच्या एका संस्थेला माणूस हवा होता. घरी बसून करायचं काम. त्याआधी परीक्षा म्हणून बारा पानं, पुढच्या सोमवारच्या आत.

"माझ्या लॅपटॉपात एकच फॉन्ट आहे," ती म्हणाली. "खाणीतले शब्द आले की त्याची दातखीळ बसते. नुसते रिकामे चौकोन."

"आन् काम नाही भेटलं तं?"

"तर पहिल्या तारखेला गुडगाव. महेंद्रदादाने तिथल्या कंपनीत जागा बघून ठेवलीय. दिवसभर फोनवर चिनी बोलायचं." तिने नाक मुरडलं. "मला जायचं नाहीय. पाच वर्षांनी घरी आलेय मी. पण नुसतं बसूनही राहायचं नाहीय."

गजेंद्रला उगाचच वाटलं, या मुलीने गुडगावला जाऊ नये. का वाटलं, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. त्याने अल्बमचं पान उलटलं.

"मंग हा नको. याचे पाय पाहा, वळणदार आहेत, पन दुरून वाचता येनार नाही. आन् हा फसवा आहे. हे अक्षर न् हे अक्षर, दोन वेगळ्या मानसानं काढल्यासारखे दिसतात."

ईराने वाकून पाहिलं. खरंच की! त्या फॉन्टमध्ये काही अक्षरं नव्हतीच, त्यांच्या जागी संगणकाने दुसऱ्याच फॉन्टची गुपचूप आणून बसवली होती. तिच्याही नजरेतून ते सुटलं होतं.

"तुम्हाला चिनी येत नाही ना?"

"मले चीन नकाशावर दाखवायले सांगतलं, तरी बोट रशियावर ठेवीन."

"मग कसं ओळखलंत?"

"अक्षर आहे ना ते," गजेंद्र खांदे उडवत म्हणाला. "कोनाचंही असो, ते नीट बसलं नाही तं मले झोप नाही येत."

ईरा त्याच्याकडे बघत राहिली... जरा जास्तच वेळ. मग तिच्या ते लक्षात आलं आणि तिने चष्म्याची काच ओढणीने पुसायला घेतली, जी मुळीच मळलेली नव्हती.

सतरातले चौदा बाद झाले. मजकुराला एक शांत, सरळ फॉन्ट ठरला आणि मथळ्यांना एक जाडजूड. तिसरा कुंचल्याने काढल्यासारखा होता, त्याचं नियमांत काहीच काम नव्हतं, पण ईराला तो फार आवडला म्हणून राहिला. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचीही तशीच पाहणी झाली. एकात अक्षराच्या रेघा मोडून कळा दाबायच्या, त्याला शिकायलाच सहा महिने. दुसऱ्यात माऊसने अक्षर काढायचं, त्यात ईराचं 'पाणी' कोळ्याच्या जाळ्यासारखं आलं. तिसरं पसंत पडलं. उच्चार इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, की खाली त्या उच्चाराच्या चिनी अक्षरांची रांग लागते. हवं त्याचा आकडा दाबायचा, झालं.

तिच्या जुन्या लॅपटॉपला हे ओझं पेललं नाही. "मंग इथंच या ना टाइप करायले," गजेंद्र म्हणाला, आणि आपण किती घाईने म्हणालो ते कळून त्याचे कान लाल झाले.

ती रोज दुपारी येऊ लागली. ईरा चिनी पंडित असेल, पण टाइप करायची दोन बोटांनी, टक... टक... कोंबडी दाणे टिपते तसं. शेजारच्या संगणकावर गजेंद्रची दहा बोटं सरसर धावायची.

"तुमची बोटं बघून मला कॉम्प्लेक्स येतो," ती म्हणायची.

"नका पाहू मंग."

"बघू नको म्हणता आणि अजून जोरात टाइप करता!"

"मी? मी तं रोजच्यासारखाच करून राह्यलो."

खोटं बोलत होता. त्या आठवड्यात त्याने एवढ्या जोरात टाइप केलं, की दोन पत्रिकांत वराच्या जागी वधूच्या वडिलांचं नाव गेलं.

शनिवारी बारावं पान संपलं. घरी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तीन वेळा फोन येऊन गेला होता. ईराने पर्स उचलली. "पाठवून द्याल ना फाईल? पत्ता इथे लिहिलाय."

"तुमी बिनधास्त जा. मी आहे ना."

ती गेल्यावर गजेंद्रने बारा पानं डोळे भरून पाहिली. काय देखणी दिसत होती! आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. दिल्लीच्या संगणकात हे फॉन्ट नसले तर? तिचं एवढं काम रिकाम्या चौकोनांत जाईल. छपाईच्या धंद्यात यावर हुकमी इलाज असतो. सगळी अक्षरं 'कर्व्ह' करून टाकायची, म्हणजे त्यांचं चित्र करायचं. मग कुठल्याही संगणकावर कान्याचाही फरक होत नाही. हा इलाज तो रोज करत होता. त्याने मायेने, एकेक पान तपासत, बाराही पानं कर्व्ह केली. वर, एका कामाची एकच फाईल ठेवायची ही दुकानाची शिस्त. दोन ठेवल्या की चुकीची छापायला जाते. म्हणून ती जुन्या फाईलवरच सेव्ह केली आणि पाठवून दिली. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

सोमवारी सकाळी नऊला ईरा दुकानात शिरली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने फोन पुढे केला. दिल्लीहून उत्तर होतं. पानं सुंदर आहेत, पण ही अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. त्यांत एक शब्दही तपासता किंवा बदलता येत नाही. खरा मजकूर आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवा, निकाल उद्या कळवू; नाहीतर अर्ज बाद.

"खरी फाईल आहे ना?" तिने विचारलं.

गजेंद्रने माऊस बाजूला सरकवला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तिच्यावरच सेव्ह केली मी. मले वाटलं, तिकडं अक्षरं तुटतीन... मी तं चांगल्यासाठीच केलं होतं."

ईरा स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही, नुसती आपल्या दोन बोटांकडे बघत राहिली. "मला आठ दिवस लागले होते," ती हळूच म्हणाली. गजेंद्रला वाटलं, हिने आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमची वही आहे ना? जिच्यात हातानं लिहून आनलतं तुमी?"

"आहे. पण—"

"तुमी वाचा. बोटं माझी."

"तुम्हाला चिनी येत नाही, गजेंद्रजी!"

"वाचायले येत नाही. टाइप करायले काय लागते? तुमी उच्चार सांगा, स्पेलिंग सांगा, रांगेतला आकडा सांगा. मी दाबतो." त्याने खुर्ची ओढली. "नऊ तास आहेत मॅडम. आपन बोलन्यात घालवून राह्यलो."

आणि सुरू झालं. पहिलं पान मुंगीच्या पावलांनी गेलं. तिसऱ्या पानापर्यंत त्याला स्पेलिंग सांगायची गरज उरली नाही. ती उच्चारायची, तो टाइप करायचा, ती आकडा सांगायला किंचित पुढे झुकायची...

"थोंग. चौथं."

"हे काय आहे?"

"तांबं."

"आन् पहिलं?"

"सारखं. समान."

"आन् ते तिसरं?"

"दुखणं."

"बाप्पा! एकाच उच्चारात एवढं?"

"कधी सूर वेगळा असतो, कधी नुसतं अक्षर. टाइप करा ना, पुढचं सांगू?"

"सांगा, सांगा. कान तिकडंच आहेत."

बाराच्या सुमाराला लामता गावचे एक दादाजी पत्रिका छापायला आले, चांगल्या आठशे. गजेंद्रने कीबोर्डवरून हात न उचलता सांगितलं, "आज नाही होत, दादाजी."

"का म्हनलं?"

"नाही होत म्हनलं. उद्या या. नाहीतर दुसरीकडं पाहा."

दादाजी अवाक होऊन पायऱ्या उतरले. चौकातल्या चहावाल्यापर्यंत ही बातमी दहा मिनिटांत पोहोचली आणि तो स्वतः चहा घेऊन बघायला आला. ईराने वहीतून मान वर केली. या दुकानाचा नियम तिला आता ठाऊक होता. पुढचा शब्द वाचताना ती अडखळली आणि तो तिला पुन्हा वाचावा लागला.

पावणेसहाला फाईल गेली. या वेळी अक्षरं अक्षरंच होती. गजेंद्रने बोटं कडाकडा मोडली.  बाहेर चौकात स्कूटर, सायकली, भाजीवाल्यांचा कल्ला चालला होता.

"माफ करा मले," शेवटी तो म्हणाला. "उद्या उत्तर नाही आलं बरोबर, तं तुमाले जा लागन. माझ्यापायी."

ईराने फोन काढला आणि भावाला लावला.

"दादा, मी पहिल्या तारखेला येत नाहीय... नाही, निकाल नाही आला अजून, उद्या येईल. तो काहीही लागो, मी येत नाहीय." ती थांबली, ऐकलं, आणि गजेंद्रकडे सरळ बघत म्हणाली, "कारण आहे ना. समोरच बसलंय."

गजेंद्रला आधी वाटलं, आपल्या मागे कुणीतरी आहे. त्याने वळूनही पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"दादाला तुमच्याशी बोलायचंय," तिने फोन पुढे केला.

"ह-हॅलो," गजेंद्र खुर्चीतून उभाच राहिला. "हौ जी... हौ, मीच... नाही जी, मले काहीच नाही बोलली ती... मी?" त्याने ईराकडे पाहिलं. चष्मा पुन्हा नाकावर घसरला होता, आणि तिने तो वर केला नव्हता. "हौ जी. आवडते. पहिल्या दिवसापासून आवडते. गोदामापासून!"

पलीकडून महेंद्रदादाचं हसू ईराला तीन हातांवर ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादाला सांगितलंस. मला कधी सांगणार होतास?" पहिल्यांदाच ती त्याला अरे म्हणाली.

"तुले?" गजेंद्रच्या तोंडूनही 'मॅडम' गळून पडलं. "ईरा, मी साधा छापखान्यावाला मानूस. तुले पाच वर्षं शिकून चिनी येते, मले माझी मराठीही धड येत नाही. पन तू दुपारी येत नाहीस ना, तं मले दिवस उजाडल्यासारखाच नाही वाटत. राहशीन का इथं?"

"हौ," ती म्हणाली. थेट त्याच्यासारखं. आणि तिने त्याची ती दहाही बोटं आपल्या हातांत धरली. 

त्याच रात्री ईराने घरी सांगून टाकलं. बंडोपंतांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, "तो पत्रिकावाला? मग छपाईचं तरी बघावं लागणार नाही." आईने मात्र त्याला उद्याच जेवायला बोलाव म्हणून फर्मान काढलं.

मंगळवारी अकराला ईरा धावत दुकानात आली. धाप लागलेली, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, हातात उघडा फोन. गजेंद्र लामत्याच्या दादाजींना पत्रिकेचे नमुने दाखवत होता.

"गजू, मिळालं!"

"काय?" गजेंद्रने गोंधळून विचारलं.

ईरा दारातच थांबली. हा माणूस खरंच विसरला होता. काल नऊ तास ज्यासाठी बोटं झिजवली, तेच साफ विसरून गेला होता. तिला इतकं हसू आलं, की दादाजींनी उठून तिला बसायला स्टूल दिलं.