आठ वाजताचं शून्य

"त्या दगडावर पाय देऊ नकोस, डुगडुगतोय तो," असं भिंगरीचं सांगून होईपर्यंत शेंगदाण्याचा डावा बूट तळ्याच्या चिखलात गेलासुद्धा.

"आता उजवापण घाल. निदान दोन्ही सारखे दिसतील," वकील म्हणाला.

सकाळचे आठ वाजले होते. सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते आणि तेवढ्यात तिघांनी घर असं काही डोक्यावर घेतलं होतं, की भिंगरीची ताई त्यांना चक्क आपल्या कामावर घेऊन आली होती. भिंगरी बारा वर्षांची. तिच्या खिशात कायम एक भिंग असायचं, म्हणून ती भिंगरी. वकील शेजारचा, तिच्याच वर्गातला, 'का?' विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. आणि शेंगदाणा म्हणजे भिंगरीचा आठ वर्षांचा मावसभाऊ. त्याला असं का म्हणतात, ते त्याच्याकडे बघितलं की कळायचं.

ताईचं काम मुलांना फार आवडलं होतं. चार वर्षं परिसरशास्त्र शिकून तिला ही पहिली नोकरी मिळाली होती, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. येत्या शुक्रवारी ते तीन महिने संपणार होते. मग तिचे सर तिच्याबद्दल दोन ओळी लिहिणार आणि त्यावर ती राहणार की जाणार ते ठरणार.

हे तळं घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका मोठ्या गोदामाच्या मागे होतं. गोदामवाल्यांना ते बुजवून तिथे ट्रक उभे करायचे होते. त्याआधी तळ्यात कोण कोण राहतं, ते मोजून सांगणं हे ताईच्या कार्यालयाचं काम. त्यात पाण्यावर भिरभिरणारे चतुर नावाचे किडे मोजणं महत्त्वाचं, कारण चतुरांची पिल्लं पाण्यात वाढतात. चतुर असले, तर तळं जिवंत आहे असं धरायचं.

काठावर हिरव्या घडीच्या खुर्चीत सर बसले होते. मांडीवर तक्ता, हातात चहाचा पेला. ताई पाव तास तळ्याभोवती फिरून आली.

"किती?" सरांनी विचारलं.

"एकही नाही, सर."

"हा धर तक्ता, लिही शून्य. आठ आठवडे शून्य. मेलेलं तळं आहे हे." सरांनी थर्मासचं झाकण लावलं. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

इकडे शेंगदाणा गवताने बूट पुसत होता. पुसता पुसता थांबला आणि म्हणाला, "हा किडा मेलाय. पण उभा मेलाय."

गवताच्या काडीला एक तपकिरी किडा घट्ट धरून होता. भिंगरीने भिंग लावलं. पाय, डोळे, सगळं जागच्या जागी. पण पाठीवर उभी चीर होती आणि आत काहीच नव्हतं.

"म्हणजे कुणीतरी कपडे काढून पळालंय," वकील म्हणाला.

मग शोधाशोध सुरू झाली. असे रिकामे कपडे एकूण अकरा निघाले. ताई तोवर सरांच्या गाडीतून पुढच्या कामावर गेली होती. भिंगरीने एक कपडा काडेपेटीत ठेवला आणि बाकीचे जिथल्या तिथे राहू दिले.

दुपारी ताई जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहीत बसली होती. भिंगरीने काडेपेटी तिच्यापुढे सरकवली. ताईने ती उघडली आणि उजेडाकडे धरली.

"चतुराची कात आहे ही," ती म्हणाली. "पिल्लू पाण्यातून काडीवर चढतं, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर पडतो."

"असे अकरा आहेत," भिंगरी म्हणाली.

"मग शून्य कसं?" हे अर्थातच वकिलाने विचारलं.

ताईने आठ आठवड्यांचे तक्ते टेबलावर पसरले. पहिल्यावर सरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : वेळ सकाळी आठ, हवा स्वच्छ, ऊन. पुढच्या सातही तक्त्यांवर वेळेच्या आणि हवेच्या रकान्यात एकच शब्द होता : वरीलप्रमाणे. शेवटच्या पाच तक्त्यांवर अक्षर ताईचं होतं.

"पण आज ऊन कुठे होतं?" वकील म्हणाला. "अख्ख्या तळ्यावर गोदामाची सावली होती. मला तर थंडी वाजत होती."

ताईने पेन खाली ठेवलं. "आकाश स्वच्छ होतं, म्हणून सरांनी ऊन लिहिलं. तळ्यावर ऊन आहे का, ते कुणी बघितलंच नाही. चतुर अंग तापल्याशिवाय उडत नाहीत, हे मी पहिल्या वर्षी शिकले. परीक्षेत लिहून गुण मिळवले. आणि इथे पाच वेळा डोळे मिटून 'वरीलप्रमाणे' लिहिलं." तिला स्वतःची लाज वाटत होती आणि तिने ती लपवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं वही घेऊन तळ्यावर हजर झाले. नियम वकिलाने केले : दर तासाला एक फेरी, पाव तासाची, आणि दिसेल तेच लिहायचं. आठला शून्य. नऊला शून्य. मधल्या वेळात करायला काहीच नव्हतं. शेंगदाण्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, पण तोही हळूहळू गप्प झाला. मग त्यांना दिसायला लागलं, की सावलीची कड पाण्यावरून अगदी सावकाश मागे सरकते. पाण्यावर धावणारे बारके किडे त्या कडेच्या पुढेपुढे सरकत होते. दहाला अर्धं तळं उन्हात आलं आणि तीन चतुर दिसले. अकराला एकोणीस.

ताईने संध्याकाळी सरांना फोन केला. मुलं कान टवकारून बसली होती, तरी त्यांना फक्त ताईचंच ऐकू येत होतं. "हो सर. पण सर... हो, पोरांची वही आहे, मान्य. उद्या फक्त अकरा वाजता... बरं सर."

"काय म्हणाले?" भिंगरीने विचारलं.

"शाळेच्या पोरांच्या वहीवरून अहवाल बदलत नसतात, म्हणाले. उद्या आठ वाजता शेवटची मोजणी."

बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत गप्प बस. नोकरी पक्की झाली की मग काय ते बोल."

"शुक्रवारी अहवाल गेला की सोमवारी तळं बुजवायचं ठरेल, बाबा. मग बोलून काय करू?" ताई उठून आत गेली.

गुरुवारी आठची मोजणी झाली. शून्य. सर आणि ताई घाईघाईने निघून गेले. हिरवी खुर्ची मात्र काठावर तशीच राहिली.

"सरांची खुर्ची," शेंगदाणा म्हणाला.

वकिलाने खुर्ची उलटून पाहिली. हरवू नये म्हणून सरांनी स्वतःच पाठीमागे फोन नंबर रंगवून ठेवला होता. वकिलाचे डोळे असे काही चमकले, की भिंगरीने ताबडतोब विचारलं, "काय शिजतंय?"

खुर्ची घरी आणून वकिलाने आईच्या फोनवरून नंबर लावला. "सर, तुमची खुर्ची तळ्यावर राहिली होती. आम्ही नीट सांभाळून ठेवलीय. अकरानंतर ती घेऊन तळ्यावरच बसणार आहोत, बारा वाजेपर्यंत. हो, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही देणार, सर. महत्त्वाची वस्तू आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढे वकील हे अनेकदा अभिमानाने सांगायचा.

साडेअकराला सर आले. घाम पुसत, काहीसे चिडलेले. खुर्ची काठावर उन्हात मांडलेली होती. ते टेकणार, इतक्यात शेंगदाणा म्हणाला, "सर, थांबा. तिथे कुणीतरी बसलंय."

खुर्चीच्या हातावर एक भलामोठा लाल चतुर बसला होता.

सर वाकलेले होते तसेच थांबले. मग सावकाश सरळ झाले आणि त्यांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर लाल, निळे, हिरवे चतुर येत होते, जात होते, एकमेकांना हाकलत होते. मुलांना वाटलं, आता ओरडा बसणार. भिंगरीने घाबरत घाबरत काडेपेटी पुढे केली.

सरांनी कात तळहातावर घेतली. भिंग मागितलं नाही. "याचाच भाऊबंद," ते लाल चतुराकडे बोट करून म्हणाले. "हे पोट बघ, कसं रुंद आहे ते. कितीतरी महिने पाण्यात काढले असतील याने." त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. "काल किती मोजलेत?"

"एकोणीस."

सरांनी जागेवरूनच नजर फिरवली. त्यांचे ओठ हलत होते. "आज सव्वीस. पलीकडच्या गवतात दोन जोड्या आहेत, त्या तुम्ही धरत नसाल." तिघांनी डोळे ताणले. खरंच होत्या. एवढं सगळं येणाऱ्या माणसाने आठ आठवडे शून्य लिहिलं, याचं भिंगरीला फार वाईट वाटलं.

"मी नवीन होतो तेव्हा दिवसदिवस बसायचो अशा जागी," सर म्हणाले. "मग एकेका सकाळी तीन तीन जागा उरकायला लागलो." खुर्चीवर बसण्याऐवजी ते गवतातच बसले आणि त्यांनी ताईला फोन लावला. "अगं, तक्ता घेऊन तळ्यावर ये. कोरा आण."

शुक्रवारी कार्यालयाच्या मुख्य मॅडमनी अहवाल चाळला. मुलं भिंतीला लागून उभी होती. नव्या मोजणीच्या आधी एक पान होतं. त्यावर ताईने लिहिलं होतं, की आधीची सगळी शून्यं सावलीतली आहेत, त्यातल्या पाच तक्त्यांवर मी न बघता 'वरीलप्रमाणे' लिहिलं, ते तक्ते सोबत जोडले आहेत. खाली सरांचीही सही होती.

"हे पान काढलं असतं तरी चाललं असतं," मॅडम म्हणाल्या.

"मग आधी शून्य का आलं, ते कुणालाच कळलं नसतं," ताई म्हणाली.

मॅडमनी मुलांची वही उघडली. आठ, शून्य. नऊ, शून्य. "ही दोन शून्यं तुम्ही खोडली नाहीत. शाब्बास. यांच्यामुळेच पुढच्या एकोणीसवर माझा विश्वास बसतो." मग त्यांनी सरांचा कागद काढून मोठ्याने वाचला. त्यावर खरोखरच दोनच ओळी होत्या : "ही मुलगी शून्यावरही शंका घेते. तिला ठेवून घ्यावं."

ताईने खिडकीबाहेर पाहत डोळे पुसले. शेंगदाण्याने ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भिंगरीला सांगितलं.

सोमवारी निरोप आला : ट्रक गोदामाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत उभे राहतील, तळ्याला हात लागणार नाही. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि पहिल्यांदाच विचारलं, की हे चतुर कधी बघायला मिळतात.

"अकरानंतर," चौघं एकदम म्हणाले.

मंगळवारी सगळे तळ्यावर होते. सरांनी खुर्ची शेंगदाण्याला बसायला दिली होती आणि तक्ता त्याच्या मांडीवर होता. पहिली ओळ भिंगरीने लिहिली होती. आता त्याची पाळी. पेन तोंडात धरून त्याने थोडा विचार केला.

"ताई, वेळ आणि हवेच्या इथे वरीलप्रमाणे लिहू?"

"नाही," ताई आणि सर एकाच वेळी म्हणाले.

मग त्याने घड्याळात पाहिलं. मान वर करून आकाशाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. शेवटी आपल्याच खुर्चीच्या हाताकडे पाहिलं आणि त्या बाजूचा हात अजिबात न हलवता, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : अकरा चाळीस. पाण्यावर ऊन. माझ्याशेजारी एक.