बुधाजीचा शनिवार

पैज लागली ती मिशीवर. आता चाळिशी उलटलेल्या, पोराबाळांच्या माणसांनी मिशीवर पैज लावावी का? पण डॉक्टर टिपणीस आणि त्यांच्या शेजारचा तंबाखूवाला दयाराम यांना असली अक्कल कोण शिकवणार? सगळ्या पनवेलनं हात टेकलेले. गेल्या शिमग्याला डॉक्टरांनी दयारामच्या तपकिरीत मिरपूड कालवली, तर दयारामनं दवाखान्याच्या पाटीवर खडूनं 'ढोरांचा' एवढा एकच शब्द वाढवला. पाटी दोन दिवस तशीच. दुसऱ्या दिवशी एक जण खरोखर म्हैस घेऊन आला.

त्या मंगळवारी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. रोडपालीचा बुधाजी, जन्मभर मिठागरात राबलेला. पाय सुजून केळीच्या खुंटासारखे, ओठ निळे, बायकोच्या खांद्याला टेकून कसाबसा बसलेला. डॉक्टरांनी नळी लावली, ऐकलं, आणि सखूबाईला बाजूला घेतलं.

"घरी न्या यांना. काय खावंसं वाटेल ते घाला."

बुधाजीचे कान शाबूत होते. गाडीतूनच म्हणाला, "डाक्तर, शनवारपातूर तरी ठेवा. माजी वेणू येतेय उरनहून, खाडीतनं, सकालच्या मचव्यानं. दोन सालं झाली पोरीला बगून."

गाडी वळली. दयाराम दुकानाच्या फळीवर बसून सगळं ऐकत होता.

"म्हातारा शनिवार बघणार, डॉक्टर."

"शुक्रवार जड आहे त्याला."

"अहो, जीव पोरीत अडकलाय त्याचा. असा सुटतो होय?"

"जीव काय पतंग आहे, अडकायला? शनिवारचा सूर्य नाही बघत तो."

"लागली?"

"लागली. हरेल त्याची मिशी. भर बाजारात."

समोरच्या काळूराम न्हाव्यानं हे ऐकून वस्तरा हवेत फिरवला. "माझा बाप जिवंत आहे हं अजून," दयाराम म्हणाला, "मिशी गेली तर म्हातारा मला आधी पोचवेल." सगळे हसले. डॉक्टर सगळ्यांत जास्त.

बुधवारी डॉक्टर सायकल काढून रोडपालीला गेले. रोगी बघायला की पैज बघायला, ते विचारू नका. त्यांनाही सांगता आलं नसतं. वाटेत मिठाचे ढीग उन्हात पांढरे पडलेले, खाडीचा उग्र वास.

बुधाजीची नाडी लागेना. डॉक्टरांनी मनगट बदललं, बोट सरकवलं. नाही. पुस्तकात आहे असं, हृदय खचलं की होतं. बॅगेत हृदयाला चालना देणारी कोरामाईनची इंजेक्शनं होती. कदाचित दोन दिवस निघाले असते. डॉक्टरांचा अंगठा बॅगेच्या कडीवर गेला आणि तिथंच थांबला. डोळ्यांसमोर दयारामची झुपकेदार मिशी आली, आणि त्यांना हसू फुटलं.

"आता काय उपयोग," ते स्वतःशी म्हणाले, आणि कडी उघडलीच नाही.

गुरुवारी नळीत काही ऐकू येईना. डॉक्टरांनी नळी स्वतःच्या छातीला लावली. धडधड. सखूबाईच्या पाठीला लावली. चालू. बुधाजीला लावली तर भिंतीला कान लावल्यासारखं. आणि बुधाजी बसून वाटीनं पेज पीत होता.

"डाक्तर," तो म्हणाला, "तुमची मिशी धोक्यात हाय म्हनं. गाडीवान सांगत व्हता."

डॉक्टर हसले. हसताना लक्षात आलं, की मघापासून आपण त्याच्या छातीकडे बघतोय आणि ती वरखाली होत नाहीये.

शुक्रवारी चार वाजता गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. आज कुणी मिठागरात गेलं नव्हतं. आत बुधाजी उताणा. अंग थंड, जबडा ताठ. उघड्या डोळ्याच्या बुबुळावरून एक माशी चालत गेली, पापणी हलली नाही.

"आज कोनचा वार?" बुधाजीनं विचारलं. ओठ हलले नव्हते.

"शुक्रवार," डॉक्टर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"मंग एकच रात हाय."

सखूबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता. "डाक्तर, तुमीच सांगा. मानूस जिता हाय का मेला? लोक म्हनतात, आत दुसरंच कायतरी शिरलंय. मला काय उमजत नाय. तुमी म्हनाल तसा करू."

डॉक्टरांना सगळं कळत होतं. जिवंत म्हणायचं तर इथं उशाशी बसायचं, सकाळपर्यंत, ज्याचं हृदय चालत नाही अशा माणसाला धरून. तेवढंच काम होतं. औषधसुद्धा नको होतं. पण मेला म्हणायला पुस्तक पाठीशी होतं. नाडी नाही, श्वास नाही. उद्या कुणीही बोट ठेवू शकलं नसतं. आणि मिशी राहत होती.

त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि अंगणात बसलेल्या पोलीस पाटलाला वाचून दाखवली. मृत.

आतून आवाज आला, "डाक्तर, वेणूला येऊ द्या."

अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी खाली सही केली, आणि माणसं बांबू तोडायला उठली.

तिरडी उचलल्यावर डॉक्टर बांधावरून सायकल मारत निघाले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण पनवेल जवळ आल्यावर बघितलंच. मिठागरांच्या पलीकडे धूर सरळ वर जात होता.

शनिवारी बाजार भरला. काळूरामच्या खुर्चीभोवती ही गर्दी. दयाराम तोंडाला फेस लावून बसलेला.

"जिंकलात हो डॉक्टर! पेढे कधी?"

"दयाराम, अर्धीच काढू की सगळी?"

डॉक्टर दवाखान्यातून उतरून आले. हसत नव्हते.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत आली. तिशीची, डोक्यावर गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत खाडीच्या चिखलानं माखलेले. नुकतीच मचव्यातून उतरलेली दिसत होती.

"डाक्तर तुमीच ना? मी वेणू. माजा बा हितं आलाय ना?"

दयारामनं फेसातून मान वळवली.

"बंदरावर आला व्हता मला घ्यायला. मी म्हनलं, येवढा आजारी तू, कशाला आलास? तर म्हनला, तू हो फुडं, मी डाक्तरकडं बसतो. त्यांनी मला नीट तपासलंच नाय म्हनला."

काळूरामनं वस्तरा खाली ठेवला.

"ताप हाय त्याला, डाक्तर. लय ताप हाय. हात धरलान माजा, ह्ये बगा."

तिनं मनगट पुढे केलं. त्यावर पाच बोटांचे फोड उठले होते. ताजे. कडेनं बारीक राख.

डॉक्टर त्या फोडांवर वाकले. मग दयारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ."

"अहो, पण मी तर हरलोय..."

"ऊठ म्हणतो ना."

दयाराम उठला. डॉक्टर खुर्चीत बसले, मान मागं टाकली. "काढ, काळूराम. सगळी."

"पण डॉक्टर, तुम्ही तर जिंकलात."

"काढ."

वस्तरा फिरला. मिशीचे केस मांडीवरच्या फडक्यावर पडू लागले. मागं उभ्या असलेल्या एकदोघांना वाटलं, ही डॉक्टरांची नवी थट्टा. ते हसले, आणि कुणी साथ देत नाही म्हणून गप्प झाले.

काळूरामनं डॉक्टरांची हनुवटी धरून तोंड दवाखान्याकडे वळवलं. दार उघडंच होतं. आत शनिवारचे रोगी बाकावर एका टोकाला दाटीवाटीनं बसले होते, मांडीला मांडी लावून. दुसऱ्या टोकाला एका माणसापुरती जागा होती. आणि तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेतलेली एक बाई त्या जागेशेजारी उभीच होती.