आठे पानी शे

वृषालीच्या यादीत एकच जागा उरली होती. धुळे तालुक्यातला कळमवाड्याचा तलाव, क्रमांक त्रेचाळीस. दीड महिना ती देवपूरच्या भाड्याच्या खोलीतून रोज सकाळी स्कूटी काढायची, पस्तीस वर्षांची उपग्रहचित्रं प्रत्यक्ष जमिनीशी ताडून बघायची आणि संध्याकाळी दाराबाहेर बूट झटकायची. सुरुवातीला प्रत्येक पाणथळ जागेचं तिला कुतूहल होतं. आता फक्त झोप हवी होती.

१९९०च्या चित्रात हा तलाव चांगला मुठीएवढा निळा होता. मग तो आकसत गेला. २०१३ नंतर निळं काहीच नाही. ‘कोरडे’ असा शेरा लिहिला की काम संपणार होतं.

त्या शेऱ्याची वाट गावातला स्वप्नीलही बघत होता. तलावाच्या जागेवर घरकुलांचे अकरा प्लॉट पडायचे होते. तिथे पाणी नाही एवढं नकाशात दिसायला हवं होतं. मधोमधचा पहिला प्लॉट त्याचा. बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन तो भावाच्या पडवीत राहत होता.

“ताई, चहा घ्या नि निघा. बघण्यासारखं काय आहे? नुसती माती.”

खरंच मातीच होती. काळी, बोट जाईल एवढ्या भेगांची. एप्रिलचं ऊन, बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. वृषालीनं पहिल्या बिंदूवर मोजकाठी रोवली तेव्हा समोरून एक म्हैस चालली होती. मान ताणून, नाकपुड्या आभाळाकडे करून. मानेला दुखणं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. मागची म्हैसही तशीच गेली. पलीकडच्या बांधावर चढताच दोघींनी माना खाली घातल्या.

त्यांच्यामागून स्वप्नीलची आजी, द्रौपदाबाई, आली. डोक्यावर काटक्यांची मोळी. बांध उतरताच तिनं लुगडं घोट्यावर उचललं, मग गुडघ्यावर. पाय ओढत, जड चालीनं ती आत आली.

“ओ आजी, कोल्डामा लुगडं वर कसाले करस?” कोरड्या मातीकडे बोट दाखवत स्वप्नील हसला. “ताई हसतीन ना!”

“हास तू,” म्हातारी म्हणाली. “आठे पानी शे.”

स्थानिकांच्या माहितीचा रकाना भरायचाच होता. वृषालीनं फॉर्म काढला. “आजी, इथं किती होतं पाणी?”

“कंबरलोंग शे.” म्हातारीनं तळहात कंबरेशी आडवा धरला.

वृषालीची आई साक्रीची, त्यामुळे तिला अहिराणी कळायची. ‘आठे पानी शे’ म्हणजे इथं पाणी आहे. काळाचा असा घोळ म्हातारी माणसं करतातच. तिनं लिहिलं, ‘कंबरभर पाणी होते.’ सवयीनं हाताची उंचीही मोजली. ब्याण्णव सेंटीमीटर.

“काय लिखं?”

तिनं वाचून दाखवलं.

“मी ‘शे’ सांगं. ‘व्हतं’ नही.” म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. “तेवढं बदली टाक, माय. आठे लेकरं ऱ्हातीन.”

स्वप्नीलचं हसू गेलं. “ताई, ते नका लिहू. वय झालंय तिचं.”

वृषालीनं फोनमध्ये खोलीचा जुना तक्ता उघडला. तलाव भरलेला असताना या बिंदूवरची खोली होती ०.९२ मीटर.

योगायोग असेल. ती मध्याकडे निघाली. ऊन चाळिशीवरचं, तरी मांड्यांपर्यंत गारवा चढत होता. पाऊल पुढे टाकायला जोर लागत होता. थकवा, दुसरं काय.

थोडं पुढे गेल्यावर तिला खांदे भरून आल्याचं जाणवलं. फॉर्मची फाइल तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. कधी धरली, ते आठवेना.

ती तिथूनच माघारी वळली.

बांधावर आली तेव्हा बूट कोरडे होते. सलवार कोरडी होती. लिहावं असं हाताशी काहीच नव्हतं. मध्याचा बिंदू तेवढा राहिला होता. त्यासाठी उद्या पुन्हा यावं लागलं असतं. तक्त्यात तिथली खोली अडीच मीटर होती.

स्वप्नील चहाचा कप घेऊन उभा होता. नजर तिच्या फॉर्मवर.

तिनं लिहिलं, ‘कोरडे’.

मे महिन्यात त्याचा मेसेज आला. ‘ताई, आज भूमिपूजन झालं. तुमच्यामुळे.’ सोबत एक फोटो.

चार खुंट्या, नारळ, हळदकुंकू. पानावर ठेवलेली फुलं जागच्या जागी. द्रौपदाबाई फोटोत होती, पण खूप मागे, बांधावर. स्वप्नील पुढे उभा, शेजारी बायको, तिच्या कडेवर मुलगी.

बायकोचा पदर सरळ वर गेला होता. मुलीचे मोकळे केसही वर, हळूच पसरलेले.

वृषालीनं बोटांनी फोटो मोठा केला.

मुलीनं गाल फुगवून ओठ घट्ट मिटून घेतले होते.