दस्तरखानावरची दुसरी थाळी

निजामोद्दीन चाचा बसल्या जागीच गेले होते. पाठ भिंतीला, समोर दस्तरखान अंथरलेलं, त्यावर कापलेली फळं, भजी आणि सरबताचा जग. कशालाच हात लागलेला नव्हता. उजव्या मुठीत एक खजूर होता, तोही अख्खा.

आणि थाळ्या दोन होत्या.

फौजदार कहकशां शेखची नजर त्या दुसऱ्या थाळीवरून हलेना. लातूरच्या जुन्या गल्लीतल्या या दोन खोल्यांत म्हातारा एकटा राहायचा. मग ही थाळी कुणासाठी मांडली? दारही रात्रभर नुसतं लोटलेलंच होतं.

सकाळी कामावर आलेल्या पुनमला ते असे दिसले. पुनम त्यांना सांभाळणारी नर्सबाई. डॉक्टरांचं मत सरळ होतं. इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त गेलं, वर पोटात अन्नाचा कण नाही. शुगर तळाला गेली आणि म्हातारा संपला.

दुपारी मुलगा जुबेर नांदेडहून आला. गल्लीत उभं राहून तो ढसाढसा रडला आणि मग त्यानं पुनमकडे बोट केलं, "या बाईनंच मारलं माझ्या अब्बाला!"

गर्दीला पुरावा लागत नाही, बोट पुरतं. पोलीस मध्ये पडेपर्यंत पुनमच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि ओठातून रक्त येत होतं. तिला ठाण्यात आणून बसवलं. उद्या कोर्टात उभी करा, असा वरून निरोपही आला. एकदा गुन्हा चिकटला की या गावात तिला कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसू देणार नव्हतं, आणि तिचं घर तेवढ्यावरच चाललं होतं.

"सुई तूच दिलीस?" कहकशांनं विचारलं.

"न्हाई मॅडम. मी दुपारीच निघते. इन्सुलिनच्या पेनला नवी सुई लावून ठेवते. इफ्तारला मोबाईल बोलतो, मग चाचा स्वतःच पेन फिरवून, टकटक मोजून टोचून घेतात."

"मोबाईल बोलतो म्हणजे?"

"अ‍ॅप हाय. औषध घ्या, पाणी प्या, जेवलात का, सगळं इचारतं. जुबेरभाईंच्या आवाजात. चाचांना बटन दिसत न्हाई, म्हणून ते बोलूनच जबाब देतात. लई विसरायचे हो. पण तो आवाज आला की लेकरासारखं ऐकायचे."

"रोजे कशाला धरू दिले?"

"डॉक्टरांनी नको म्हणलं होतं. ऐकतंय कोण?"

संध्याकाळी कहकशां पुन्हा त्या घरी गेली. औशाहून आलेली मुलगी सुमय्या सुजल्या डोळ्यांनी बसून होती.

"अ‍ॅप कुणाकुणाच्या हातात आहे?"

"तिघांच्या. मी, जुबेर आन् पुनम. आवाज जुबेरनं भरून दिला, वर्ष झालं असंल. वेळ मीच औशाहून लावली. इफ्तार रोज सरकतं, म्हणून घड्याळ न्हाई लावलं, नुसतं 'इफ्तारला' लावलं. माझ्या मोबाईलनं औशाचं इफ्तार धरलं. औसा काय, हितंच तर हाय. कधी फरक पडला न्हाई."

"जुबेर अब्बांकडे यायचा?"

सुमय्या घुटमळली. "यायचा. पण अब्बा तोंड ओळखत नव्हते त्याचं. आता ईद झाली की तो आखातात चाललाय, नोकरीला. अब्बांना कुठं ठेवायचं, यावरनं आमचं भांडण झालं होतं. मी म्हणलं औशाला आण. तर म्हणला, लोक काय म्हणतील, बाप बहिणीच्या दारात टाकून गेला?"

तेवढ्यात कहकशांचा मोबाईल वाजला. इफ्तार! दिवसभर घशाला कोरड पडली होती. तिनं पिशवीतला खजूर काढून तोंडाशी नेला.

"थांबा मॅडम," सुमय्यानं तिचा हात धरला. "अजान कुठं झाली अजून?"

कहकशां जीभ चावून हसली. नांदेडहून बदली होऊन महिनाही झाला नव्हता, आणि मोबाईलमधलं गाव बदलायचं तिच्याकडून राहूनच जात होतं. सूर्य तिकडे तीन-चार मिनिटं आधी बुडतो.

अजान झाल्यावर शेजारची मल्लम्मा गरम दुधाचा पेला घेऊन आली, तो कहकशांच्या हातात दिला आणि उंबऱ्यातच रडू लागली.

"रोज चाचांना नेत होते मी हे दूध. काल न्हाई नेलं."

"का?"

"पातेलं चुलीवरच होतं. भिंतीपलीकडनं चाचांचा आवाज आला. हाव बेटा, थांबतो, तू ये म्हणले. मला वाटलं, पोरगा येऊन राहिला. बाप-लेक बसतील जेवायला, आपण मधी कशाला? उतरून ठेवलं पातेलं."

"हे अजान झाल्यावर?"

"न्हाई न्हाई, आधी. अजान झाली की मी उठते ना दूध घेऊन. अजानीनंतर परत बोलले, पर तवा मी लक्ष न्हाई दिलं."

कहकशांनं पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुबेरला ठाण्यात बोलावलं. सुमय्या आणि मल्लम्मा बाकावर होत्या. कोपऱ्यात पुनम, सुजल्या ओठांची.

"परवा संध्याकाळी कुठं होता?"

"नांदेडला. माझ्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात. कॅमेरा हाय, बघून घ्या. आठवडाभर गाव सोडलं न्हाई मी."

"बघितलं. खरं बोलताय. अब्बांना फोन केला होता?"

"न्हाई. कॉल तपासा."

"तपासले. कुणाचाच कॉल नव्हता. मग 'हाव बेटा' कुणाला म्हणाले?"

"अ‍ॅपला. दुसरं कोण? माझे जुने आवाज पडलेत त्यात. कुणीबी उचलून लावावेत. या बाईला सगळं येतंय." त्यानं पुन्हा पुनमकडे बोट केलं.

"बोट खाली घ्या," कहकशां म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हवालदार सरसावून उभा राहिला.

"त्या संध्याकाळी मोबाईल दोनदा बोलला. अजानीनंतरची आठवण रोजची, सुमय्यानं लावलेली. अजानीआधीची कुणी लावली? ती एका दिवसापुरती होती. वाजली आणि आपोआप पुसली गेली. तीही 'इफ्तारला'च लावलेली. पण हे अ‍ॅप ज्या मोबाईलवरून लावावं, त्या गावचं इफ्तार धरतं. सुमय्या औशाला, पुनम लातूरला. दोघींपैकी कुणीही लावली असती तर दोन्ही आठवणी एकदमच वाजल्या असत्या. लातूरच्या अजानीच्या आधी इफ्तार कुठं होतं, जुबेर?"

जुबेरनं दाराकडे पाहिलं.

"नांदेडला. आणि तुम्ही आठवडाभर तिथून हलला नाहीत. तुम्हीच सांगितलंत, कॅमेऱ्यानं साक्ष दिली."

"न्हाई..." सुमय्या पुटपुटली.

"तुम्ही आवाज भरला, 'सुई घ्या, पण खाऊ नका, मी येतोय, सोबत रोजा सोडू.' तुमच्या हिशेबानं नवा आवाज जुन्यात मिसळून जाणार होता. सुई घेऊन उपाशी बसले की काम होणार होतं. पण दोन्ही आवाज तीन-चार मिनिटांच्या अंतरानं आले, आणि विसरभोळ्या माणसानं दोनदा टोचून घेतलं. मुलगा येणार म्हणून दाराची कडी काढली, दुसरी थाळी मांडली. मल्लम्माचं दूधही त्यामुळेच चुकलं. आणि मग तुम्ही येऊन या पोरीला गल्लीच्या तोंडी दिलंत."

जुबेरचा चेहरा आक्रसला. मग एकाएकी तो ओरडला, "समोर गेलो की इचारायचे, कोण पाहिजे? मला, पोटच्या पोराला! चोर म्हणून हाकलायचे. आन् त्या डबड्याला बेटा! दिवसभर बेटा, बेटा! काय करायचं होतं मी? आखं आयुष्य या डबड्याचा भाऊ होऊन बसायचं?"

सुमय्या उठली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. कुणी तिला अडवलं नाही.

"आठवण पुसली गेली," कहकशां म्हणाली, "पण अब्बांचे जबाब मोबाईलमध्येच राहिले. सायबरवाल्यांनी सकाळी काढून दिले. शेवटचा ऐका. इफ्तारनंतर अ‍ॅप रोजच्यासारखं विचारतं, तुमच्याच आवाजात."

तिनं बटन दाबलं. खोलीत जुबेरचा वर्षापूर्वीचा मायाळू आवाज आला, "अब्बा, जेवलात का?"

मग खरखर. मग म्हातारा, अगदी हळू.

"न्हाई बेटा. तूच म्हणला ना, थांबा. थांबलोय. डोळ्यापुढं अंधारून राहिलंय जरा... तू सावकाश ये."

जुबेरनं दोन्ही हातांनी कान दाबून धरले. कहकशांनं ते हात ओढून खाली घेतले आणि हवालदाराकडे बेड्यांसाठी हात केला.

"कान कशाला झाकता?" ती म्हणाली. "त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं तुमचं."

आणि तिनं ते बोलणं पुन्हा लावलं.